गाडीच्या पोटाखाली जड सामान बसवताना: टाकी, बॅटरी आणि सिलिंडर

जुनी ओम्नी किंवा ईको घ्यायची आणि तिची फिरती चहाची गाडी, मासळीची गाडी किंवा दोघांना झोपता येईल अशी कॅम्पर करायची, ही हौस गोव्यात वाढते आहे. आत जागा थोडी, म्हणून पाण्याची टाकी, जोडीची बॅटरी आणि कधी जागा बदललेली स्टेपनीही फ्लोअरच्या पत्र्याखाली जाते. काम करणारा वेल्डर हुशार असतो, हात चांगला असतो. "बाब, चार टाके मारले की हलायचं नाही" असे तो म्हणतो तेव्हा तो खरेच बोलत असतो. खड्ड्यांत, गतिरोधकांवर, चोर्ल्याच्या घाटात ते हलत नाही. पण धडकेत त्याच वस्तूवर येणारा जोर रोजच्या हादऱ्याच्या कितीतरी पट असतो, आणि तो हिशेब बहुतेक वेळा कोणी केलेला नसतो. हा लेख त्या हिशेबासाठी आहे. तुम्ही स्वतः पाना हातात घेणार असा, किंवा गॅरेजमध्ये उभे राहून काम करून घेणार असा, क्रम हाच ठेवा.

आधी कागद

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी दाखल्यातला तपशील आणि प्रत्यक्ष गाडी यांत तफावत पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितले. त्यामुळे पत्रा कापण्याआधी वाहतूक खात्याच्या तुमच्या भागातल्या कार्यालयात जा, काय करणार आहात त्याचे साधे रेखाचित्र दाखवा आणि काय चालेल ते लेखी घ्या. विमा कंपनीलाही कळवा. अपघातानंतर "ही टाकी कोणाला विचारून बसवली?" हा प्रश्न येतोच.

सीएनजी सिलिंडर मात्र स्वतः बसवायचाच नाही. मान्यताप्राप्त किट, मान्यताप्राप्त केंद्र आणि नोंदणी दाखल्यावर इंधनाची नोंद, एवढाच मार्ग आहे. सिलिंडरबद्दल पुढे जे सांगितले आहे ते तुम्हाला केंद्राचे काम तपासता यावे म्हणून.

किती जोर येतो

ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. गाडी भिंतीवर आदळली आणि पुढचा भाग ६० सेंटीमीटर चेपून थांबली, तर सरासरी मंदन, म्हणजे वेग उतरण्याचा दर, गुरुत्वाकर्षणाच्या सोळापट येते. क्षणभराचा कमाल आकडा त्याहून मोठा असतो. म्हणूनच सीएनजी वाहनांसाठी असलेला संयुक्त राष्ट्रांचा नियम ११० सांगतो की लहान मोटारी आणि साडेतीन टनांपर्यंतच्या मालवाहू गाड्यांत भरलेल्या सिलिंडरच्या पकडीने प्रवासाच्या दिशेत वजनाच्या २० पट आणि आडव्या दिशेत ८ पट जोर सोसला पाहिजे. मोठ्या बस आणि ट्रकसाठी हे आकडे ६.६ आणि ५ आहेत. जड गाडी धडकेत सावकाश थांबते, त्यामुळे आकडा उतरतो. छोटी गाडी घेणाऱ्याने ट्रकवाल्याचे बघून पट्ट्या निवडू नयेत, त्याचे कारण हे.

पाण्याची टाकी आणि बॅटरी यांना हा नियम लागू नाही, पण मी त्यांनाही २० आणि ८ हेच आकडे लावतो. भौतिकशास्त्र आत पाणी आहे की गॅस ते पाहत नाही.

आता हिशेब. ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो. टाकी ६ किलो, पाळणा म्हणजे टाकी धरणारी अँगलची चौकट ९ किलो. एकूण ७५ किलो. गुणिले २०, म्हणजे दीड टन. एवढा जोर पुढच्या दिशेने, शंभर मिलिसेकंदांच्या आसपास. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर बॅटरी ॲसिडसकट साधारण ५५ किलो भरते; तिचे अकराशे किलो होतात. त्याऐवजी १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली तर ती ११ ते १३ किलोंची, आणि जोर अडीचशेच्या आसपास. वजन कमी करणे ही सुरक्षेची सगळ्यात स्वस्त पायरी आहे. पाळणा आखण्याआधी ६० लिटर पाणी खरेच लागते का, ३० मध्ये भागते का, याचा विचार करा. गोव्यात पाणी भरून घ्यायला लांब जावे लागत नाही.

बोल्ट तुटत नाही, पत्रा फाटतो

नवख्यांचे सगळे लक्ष बोल्टावर असते. एम१० चा, म्हणजे १० मिलिमीटर व्यासाचा, ८.८ ग्रेडचा एक बोल्ट पाहू. डोक्यावरच्या ८.८ चा अर्थ असा की पोलाद प्रति चौरस मिलिमीटर ८०० न्यूटनपर्यंत ताण घेते आणि त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत कायमचे वाकत नाही. आट्यांचा प्रभावी छेद ५८ चौरस मिलिमीटर, म्हणजे सरळ ओढीत साधारण साडेचार टन, आडव्या कापात त्याच्या साठ टक्के. आपल्या दीड टनासाठी कागदावर एकच बोल्ट पुरतो.

आता तोच बोल्ट ०.८ मिलिमीटरच्या पत्र्यातून गेला आहे असे समजा. बोल्ट पत्र्याला जिथे टेकतो ते क्षेत्र दहा गुणिले ०.८, म्हणजे अवघे आठ चौरस मिलिमीटर. साध्या पत्र्यात ढोबळ हिशेबाने दोन-अडीचशे किलोंच्या ओढीला भोक लांबायला लागते. चार बोल्ट मिळून हजार. लागतात दीड हजार. बोल्ट शाबूत राहतो, भोकाची खाच होते, आणि टाकी सुटते.

आणखी एक गोष्ट फार थोडे जण बघतात. टाकी फ्लोअरखाली लोंबते, म्हणजे तिचा गुरुत्वमध्य बोल्टांच्या पातळीखाली असतो. समजा २० सेंटीमीटर खाली, आणि पुढच्या-मागच्या बोल्टांत अंतर ४० सेंटीमीटर. समोरून धडक बसली की टाकी पुढे-वर झुलू पाहते आणि मागचे बोल्ट खाली ओढले जातात. दीड टन गुणिले २०, भागिले ४०: मागच्या दोन बोल्टांवर मिळून साडेसातशे किलो, तेही पत्र्यातून सरळ उपटणारे. पत्रा उपटण्याच्या दिशेत सगळ्यात दुबळा. अंतर ४० ऐवजी ८० सेंटीमीटर केले तर ही ओढ निम्म्यावर येते. म्हणून पाळणा लांब आणि उथळ करा. खोल आणि आखूड करू नका.

यातून पहिला नियम निघतो: जड वस्तू पत्र्यावर टांगायची नाही. जोर गाडीचा भार पेलणाऱ्या तुळयांत, म्हणजे लांबीच्या मेंबरमध्ये किंवा आडव्या क्रॉस मेंबरमध्ये, गेला पाहिजे. बोलेरोसारख्या गाडीला वेगळी चेसिस, म्हणजे खालचा पोलादी सांगाडा, असते, तिथे हे सोपे. ओम्नी-ईकोला वेगळी चेसिस नाही, पण पत्र्याखाली पेटीच्या आकाराचे मेंबर असतात. खाली झोपून बोटाच्या टकटकीने कळते: नुसता पत्रा पोकळ झंकारतो, मेंबर बसका आवाज देतो. दोन मेंबरांवर आडवा सी-चॅनल टाकून पाळणा त्याला धरला, की बोल्ट मेंबरमध्ये आणि वजन दोन्ही बाजूंना वाटलेले.

पत्र्यातून जाण्यावाचून इलाजच नसेल, तर वरून जाड प्लेट हवी. नुसता वॉशर पुरत नाही. मोटार स्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमात बॅटरीसाठी किमान १० मिलिमीटरचे बोल्ट आणि प्रत्येकाखाली किमान ३ मिलिमीटर जाड, २० चौरस सेंटीमीटरची प्लेट सांगितली आहे. सीटच्या पकडीसाठी ४० चौरस सेंटीमीटर. मी लहानातल्या लहान कामालाही ४० धरतो, कडा कानशीने गोल करून, कारण टोकदार कोपरा स्वतःच पत्रा कापतो.

जागा

पाळणा बनवण्याआधी पुठ्ठ्याचा खोका टाकीच्या मापाचा करा आणि गाडीखाली धरून बघा. गाडी उचलताना फक्त जॅकवर विसंबू नका आणि चिऱ्यावर (जांभ्या दगडावर) तर कधीच ठेवू नका. चिरा भिंतीत जन्मभर टिकतो, पण एका बिंदूवर गाडीचे वजन आले की अचानक दुभंगतो. पोलादी स्टँड घ्या, दोन्ही बाजूंना.

चांगली जागा म्हणजे दोन चाकजोड्यांच्या मध्ये, लांबीच्या दोन मेंबरांच्या आत. पुढचा आणि मागचा भाग धडकेत चेपण्यासाठी असतो. तिथे न चेपणारी जड वस्तू ठेवली तर ती जोर थेट माणसांपर्यंत पोचवते. फोर्ड पिंटोची पेट्रोलची टाकी मागच्या ॲक्सल आणि बंपर यांच्यामध्ये होती. मागून धडक बसली की ती पुढे ढकलली जाऊन डिफरन्शियलच्या (मागच्या ॲक्सलवरच्या गिअरच्या पेटीच्या) बोल्टांवर आदळायची आणि फुटायची. १९७८ मध्ये त्या गाड्या परत मागवाव्या लागल्या. जनरल मोटर्सच्या १९७३ ते १९८७ च्या पिकअपच्या टाक्या चेसिसच्या बाहेरच्या अंगाला होत्या आणि बाजूच्या धडकेत त्याच सगळ्यांत आधी सापडायच्या. तुमचा पुठ्ठ्याचा खोका जागेवर धरा आणि हात त्याच्या चारही बाजूंनी फिरवा: कोणता बोल्ट, कोणता कंस, कोणती कड त्याच्यावर टोकाने बघते आहे? मध्ये किमान चार बोटे जागा ठेवा, नाहीतर ते टोक झाका. प्रॉपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) आणि मागच्या ॲक्सलच्या वरखाली होण्याच्या मार्गात काही येता कामा नये. ॲक्सल पूर्ण वर आलेला असताना मोजा.

सायलेन्सरपासून अंतर ठेवा. सीएनजीच्या कोणत्याही भागासाठी नियम ११० मध्ये १०० मिलिमीटर सांगितले आहेत, त्याहून जवळ यायचे तर उष्णतारोधक पत्रा हवा. प्लॅस्टिकच्या टाकीला मी याच्या दुप्पट अंतर ठेवतो. सिलिंडर रस्त्यापासून २०० मिलिमीटरपेक्षा खाली येऊ नये, असेही त्याच नियमात आहे, पुढून आणि बाजूंनी संरक्षण नसेल तर. ही उंची गाडी भरलेली असताना मोजायची. आणि आपल्याकडे एक वेगळी कसोटी आहे: ओहोटीच्या वेळी दिवाडीच्या फेरीबोटीवर चढा. धक्का उतरता, बोटीचा रॅम्प चढता, मधल्या खोबणीत गाडीचे पोट सगळ्यात आधी टेकते. तिथे पाळणा घासला, तर चिऱ्याच्या कच्च्या रस्त्यावर तो दगड झेलणारच. खालून जाड पत्र्याची ढाल द्या, पुढची कड वर वळवलेली. कारखान्यातल्या गाड्यांनाही हे चुकलेले नाही: २०१३ मध्ये रस्त्यावरच्या लोखंडी तुकड्यांनी टेस्ला मॉडेल एसच्या पोटाखालची बॅटरी भोसकून आगी लागल्या, आणि मार्च २०१४ पासून कंपनीने खाली टायटॅनियमची ढाल जोडली.

मग काट्यावर जा. खाणींमुळे डिचोली-साखळीकडे वजनकाटे पाहिलेच असतील. गाडी रिकामी आणि भरलेली, पुढची चाके आणि मागची चाके वेगवेगळी तोला. मागच्या ॲक्सलमागे टांगलेले वजन मागे स्वतःपेक्षा जास्त भार टाकते आणि पुढची चाके हलकी करते. २३५० मिलिमीटर चाकअंतर असलेल्या गाडीत ६० किलो मागच्या ॲक्सलच्या ६०० मिलिमीटर मागे टांगले, तर मागचा भार ७५ किलोंनी वाढतो आणि पुढचा १५ किलोंनी घटतो. पावसात ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना आणि वळताना ते पंधरा किलो पुढे हवे असतात. एकूण वजन गाडीच्या दाखल्यावरच्या कमाल वजनाच्या आत असले पाहिजे, यात सूट नाही.

पाळणा

अँगल ४० बाय ४० बाय ५, दोन आडव्या पट्ट्या खालून, दोन वरून. इथवर कोणीही करतो. सुटते ती पुढची ठोकर. पट्टा टाकीला खाली-वर धरतो, पण पुढे सरकताना फक्त घर्षणावर अवलंबून असतो, आणि ओल्या प्लॅस्टिकवर घर्षण म्हणजे जवळजवळ शून्य. पाळण्याच्या पुढच्या बाजूला टाकीच्या निम्म्याहून जास्त उंचीची उभी भिंत हवी, अँगलला दोन तिरके आधार देऊन. मागे आणि बाजूंना थोडी कमी चालते. टाकी आणि लोखंड यांच्यामध्ये रबर घाला, पण स्पंजासारखे पाणी धरणारे नको; कन्व्हेअर बेल्टचे जुने तुकडे उत्तम.

पाणी हलते, म्हणून टाकीच्या आत आडव्या पडद्या असलेली टाकी घ्या. अर्धी भरलेली, पडद्या नसलेली टाकी वळणावर आतून धक्के देत राहते आणि पाळण्याचे सांधे थकवते.

मेंबरवर वेल्डिंग करू नका. नव्या गाड्यांचे मेंबर उच्च ताकदीच्या पोलादाचे असतात, उष्णतेने ते नेमके त्या ठिकाणी मऊ पडते, आतला गंजरोधक लेप जळतो आणि आतून गंज सुरू होतो. बोल्टाने जोडा. पेटीच्या मेंबरमधून आरपार बोल्ट घालताना आत पाइपचा तुकडा बसवा, नाहीतर आवळताना पेटी चेपते आणि काही दिवसांनी बोल्ट सैल. वेगळ्या चेसिसच्या गाडीत चेसिसच्या तुळईच्या वरच्या-खालच्या पंखांना, म्हणजे आडव्या कडांना, भोक पाडू नका. उभ्या भागात, मध्याजवळ पाडा, किंवा कंपनीने आधीच ठेवलेली भोके वापरा. भोक कडेपासून बोल्टाच्या व्यासाच्या दुपटीहून जवळ नको. भोकाच्या कडा साफ करा, प्रायमर लावा, सुकू द्या, मगच बोल्ट.

बोल्ट ८.८ चा, जस्त चढवलेला. स्टेनलेस चमकतो म्हणून अनेकांना आवडतो, पण नेहमी मिळणारा ए२-७० चा बोल्ट ताकदीला ८.८ च्या खाली आहे, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमच्या पाळण्याला लागून बसला की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. १२.९ चा "सगळ्यात भारी" बोल्टही नको. तो ठिसूळपणाकडे झुकतो, आणि जस्ताचा विद्युत मुलामा चढवताना त्यात हायड्रोजन शिरला तर आवळल्यानंतर काही दिवसांनी आपोआप तडकू शकतो. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा) वापरा, पण सायलेन्सरजवळ पूर्ण धातूचा लॉकनट, कारण तिथे नायलॉन मऊ पडते. एम१० चा ८.८ बोल्ट कोरडा असेल तर टॉर्क रेंचवर (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यावर) ४५ ते ५० न्यूटन मीटर, एम८ ला २५. अंदाजाने आवळू नका. झाल्यावर नट आणि प्लेट यांच्यावरून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल.

बॅटरी असेल तर

पाणी भरावे लागणारी ट्युब्युलर बॅटरी पोटाखाली नकोच. ती उलटली की ॲसिड सांडते, चार्ज होताना हायड्रोजन सोडते. बंद प्रकारची किंवा लिथियमची घ्या, पेटी पाण्यापासून बंद हवी. आयपी६७ लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. जुलैत पाणी तुंबलेल्या रस्त्यावर हा आकडा कामाला येतो. धन टर्मिनलवर झाकण, आणि फ्यूज टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत. धडकेत तार चिमटली तर फ्यूजच्या अलीकडचा तुकडा कोणीच वाचवत नाही. तार पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट आणि दर वीतभराला क्लँप.

सिलिंडरचे काम तपासताना

सिलिंडरमध्ये २०० बार दाब असतो. त्याला कोणीही वेल्डिंगचा टाका मारता कामा नये, ठिणगीही उडता कामा नये. किमान दोन पट्टे, मध्ये रबर, व्हॉल्व्ह धडकेच्या दिशेकडे तोंड करून नको. पट्टा सिलिंडरच्या सरळ भागावर हवा, गोल खांद्यावर नको. दर तीन वर्षांनी जलदाब चाचणी सक्तीची आहे. तारीख सिलिंडरवर कोरलेली असते, ती स्वतः वाचा. चाचणीसाठी सिलिंडर काढून परत बसवतात तेव्हा पट्ट्यांचे बोल्ट नवे मागा आणि आवळताना समोर उभे राहा.

नंतर

दोन्ही हातांनी वस्तू धरून जोरात हलवा: गाडी हलावी, वस्तू हलू नये. शंभर किलोमीटरनंतर आणि हजारानंतर टॉर्क पुन्हा तपासा, कारण रंग आणि रबर बसतात. त्यानंतर वर्षातून दोनदा, मे अखेरीस आणि चवथ (गणेशचतुर्थी) आटोपल्यावर. पाऊस संपला की गाडीचे पोट गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः किनाऱ्याकडे राहत असाल तर. टॉर्च घेऊन बोल्टाच्या डोक्याखाली बघा. डोक्यापासून तांबूस बारीक ओघळ उतरलेला दिसला, तर तिथे धातू धातूवर घासतो आहे; नुसता पृष्ठभागावरचा गंज पसरट असतो, ओघळत नाही. वेल्डिंगच्या टोकाला केसाएवढी काळी रेघ दिसली तर नख फिरवून बघा. नख अडकले तर ती तडा आहे. वरून टाका मारून झाकू नका, तो भाग कापून नव्याने करा.

भारत एनकॅप या गाड्यांच्या धडक चाचणीत समोरची धडक ताशी ६४ किलोमीटरने घेतात, आणि तिथले तारे कारखान्यातून आलेल्या गाडीला मिळतात. तुम्ही पोटाखाली ७५ किलो जोडलेल्या गाडीला ते लागू नाहीत. म्हणून कामाचे फोटो, बोल्टांची ग्रेड, टॉर्कचे आकडे, काट्याच्या पावत्या आणि वाहतूक खात्याचे पत्र एका पिशवीत गाडीच्या कागदांबरोबर ठेवा. गाडी विकाल तेव्हा ती पिशवीही द्या. आणि गाडीला एकदा जरी मोठी धडक बसली, तरी पट्टे, बोल्ट आणि प्लेटा सगळे नवे घाला, वरून ठाकठीक दिसत असले तरी. सिलिंडर असेल तर तो मान्यताप्राप्त केंद्रात तपासून घेतल्याशिवाय पुन्हा गॅस भरू नका.